खल्फानच्या गाडीतला हीटर

दयानंद परबाचं डोकं सकाळी साडेसातलाच फिरलं होतं आणि या वेळी त्याला निमित्तही चांगलं होतं. ज्या ओमानात उन्हाळ्यात पाना हातात धरला तर तळव्याला फोड येतात, तिथे एक म्हातारा आपल्या डिझेल पिकअपला हीटर बसवायला घेऊन आला होता.

"हीटर?" दयानंदने खोक्याकडे बघत विचारलं. रुस्ताकच्या या गॅरेजात त्याला बावीस वर्षं झाली होती. एसीत गॅस भरून आणि रेडिएटर धुऊन त्याचे हात झिजले होते. हीटर मात्र त्याने आजवर एकही बसवला नव्हता.

"जर्मन माल आहे," फोरमन कौशिक म्हणाला. कौशिक पुण्याचा, इंजिनियर, वर्षभरापूर्वी आलेला, आणि नखं स्वच्छ ठेवणारा. "गाडीचंच डिझेल जाळतो आणि इंजिनातलं पाणी आधीच गरम करून ठेवतो. टायमर लावला की झालं. बसवून टाका, दयानंद. संध्याकाळपर्यंत हवंय त्यांना."

"वाळवंटात शेगडी कित्याक व्हयी, साहेब? तुमच्या कॉलेजात हाच शिकवतत?"

कौशिक हसून काचेमागे एसीत जाऊन बसला. दयानंदला त्याचा हा हसण्याचा प्रकार डोक्यात जायचा. मग तो म्हाताऱ्याकडे वळला. खल्फान गेली कित्येक वर्षं याच गॅरेजात येत होता, पण दयानंदच्या लेखी पांढऱ्या पिकअपवाले सगळे एकाच माळेचे मणी.

"बाबा, इधर ठंडी किधर है?"

"ऊपर," खल्फानने पाठीमागच्या डोंगराकडे हात केला. त्याचं घर वर खिंडीजवळ, ढगांच्या शेजारी. जानेवारीत तिथे पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. त्याची बायको झुवैना हिची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. रविवार, मंगळवार, गुरुवार सकाळी सात वाजता तिला खाली हॉस्पिटलात मशीनला लावावं लागतं. उशीर झाला की खुर्ची दुसऱ्याला जाते. या महिन्यात पहाटे गाडीच चालू झाली नाही म्हणून चार वेळा खुर्ची गेली होती. चौथ्या वेळी छातीत पाणी भरलं आणि बाई मरता मरता वाचली. मुलगा लांब, माबेलाला राहतो, रोज येऊ शकत नाही. त्याने हे यंत्र मागवलं.

"कल संडे," खल्फान म्हणाला. "कल मिस हुआ, तो डॉक्टर बोला, फिर हम कुछ नहीं कर सकता."

हे ऐकूनही दयानंदचा राग गेला नाही, तो फक्त जागा बदलून बसला. अशा बाईला घेऊन असल्या खटाऱ्यातून डोंगर उतरायचा? माणसांना अक्कल नको?

त्याने कामाला हात घातला. पाइप कापण्याआधी रेडिएटरचं बूच उघडून पाणी खाली सोडलं, तर बादलीत उतरला चहा. गंजाचा, बिनदुधाचा. न गोठणाऱ्या कूलंटचा थेंब नाही, नुसतं नळाचं पाणी. म्हणजे वर डोंगरात या पाण्याचा रात्रभर बर्फाचा गोळा होत होता आणि पहाटे पंप त्यातच अडकत होता.

"आवशीचो घोव!" दयानंद ओरडला. "खयच्या गाढवान ह्यां केल्यान? बाबा, कौन गॅरेज में दिया था?"

"इधर," खल्फान म्हणाला. "हमेशा इधर."

म्हाताऱ्याला आठवत नसणार, असं दयानंदने स्वतःला सांगितलं. रस्त्यापलीकडे नवं गॅरेज निघालं होतं. तिथल्या पोरांना पाना आणि पळी यांतला फरक कळत नाही, हे तो अख्ख्या रुस्ताकला सांगत असे. आज पुरावाच मिळाला. पुढचे तीन तास तो हीटर बसवत होता आणि तोंडाने त्या पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. पट्टी वाकवून हीटर इंजिनाच्या बाजूला घट्ट बसवला, पाण्याचे पाइप जोडले, टाकीतून डिझेलची बारीक नळी आणली, धुराचा पाइप केबिनपासून लांब खाली वळवला. हात सोन्याचे होते त्याचे, यात वाद नाही. वाद होता तो जिभेबद्दल.

दुपारी तपासण्यापुरतं पाणी भरून बटण दाबलं. हीटर शिट्टी घातल्यासारखा पेटला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. इंजिनाला हात लावला तर कोमट. रेडिएटरला लावला तर तोही कोमट. आणि तिथे दयानंदच्या कपाळावर आठी पडली, कारण रेडिएटर या वेळी थंड हवा. इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी एक वाटीएवढी झडप असते, थर्मोस्टॅट. ती बंद असेल तर ऊब इंजिनात राहते. इथे ऊब सगळी वाऱ्यावर जात होती.

त्याने दोन बोल्ट काढून झाकण उचललं. आत काहीच नव्हतं. थर्मोस्टॅट कोणीतरी काढूनच टाकला होता.

"ह्या बघा!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की कौशिक काचेमागून बाहेर आला. "ह्या बघा, साहेब, लोकांचे धंदे! माणसाचा काळीज काढून फेकल्यानी आणि वर सांगतत, थंड रवतला! ह्या ज्यान केल्यान त्याका उलटो टांगूक व्हयो!"

बोलता बोलता तो झाकणाला चिकटलेलं पॅकिंग खरवडत होता. पॅकिंग दुकानातलं नव्हतं, कोणीतरी जाड कागदातून हाताने कापलेलं होतं. अर्धं तेलाने काळं झालेलं, पण उरलेल्या अर्ध्यावर लाल अक्षरं दिसत होती. संकष्टी चतु. पुढचं कापलं गेलं होतं.

दयानंदने मान वळवून आपल्या टेबलाकडे बघितलं. या गॅरेजात मराठी कॅलेंडर एकच होतं, त्याच्या टेबलामागे टांगलेलं. आणि पॅकिंग संपलं की त्याच्या जुन्या जाड पानांतून नवं कापणारा माणूसही एकच होता.

मग सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वीचा जुलै. ही गाडी खिंड चढताना उकळली म्हणून आली होती. त्याने थर्मोस्टॅट उपटून भंगारात फेकला होता आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "गरम मुलुक में इसका क्या काम?" कुडाळला त्याच्या उस्तादाने त्याला हेच शिकवलं होतं. इथे येऊन त्याने ते दुसऱ्यांना शिकवलं. कूलंट कशाला, पाणी घाल. झडप कशाला, काढून टाक. किती गाड्यांचं असं केलं असेल, देव जाणे. गाडी कुठून येते, हे त्याने एकालाही विचारलं नव्हतं.

कौशिकने ते पॅकिंग हातात घेऊन वाचलं. ते कॅलेंडर त्यालाही ठाऊक होतं.

"गप्प बसा," तो हळूच म्हणाला. "नवा बसवा, कूलंट भरा, बंद करा. त्यांना काही सांगू नका. त्यांनी तक्रार केली तर आपला मालक अर्बाब पहिला तुमचा व्हिसा कॅन्सल करेल. बावीस वर्षं झालीत ना?"

पहिल्यांदाच दयानंदने त्याचं निमूट ऐकलं. बाजारातून नवा थर्मोस्टॅट आला, कंपनीचं पॅकिंग आलं, गोठणार नाही असं हिरवं कूलंट आलं. पुन्हा बटण दाबलं. वीस मिनिटांत इंजिन हाताला चटका देऊ लागलं, रेडिएटर थंडगार. चावी फिरवताच गाडी एका झटक्यात चालू झाली. धूर नाही, खोकला नाही.

खल्फानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दयानंदचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला, मग त्याला मिठीच मारली. "तुम डॉक्टर," तो म्हणाला. "हॉस्पिटल का डॉक्टर से बडा. झुवैना का जान तुम बचाया. हम सबको बोलेगा, दयानंद बचाया."

कौशिक मागे उभा राहून मान डोलावत होता. ते डोलावणं आणि ती मिठी एकदम अंगावर आली आणि दयानंदच्या डोक्याची शीर ताडकन उडाली.

"छोडो!" त्याने म्हाताऱ्याला ढकललंच. "क्या बचाया? मैं निकाला था! दो साल पहले, ये हाथ से! पानी भी मैं डाला! तुम्हारा गाडी मैं बिगाडा, समझा? गाली दो मेरे को, मिठी क्या मारता है!"

गॅरेजातली सगळी ठोकाठोक थांबली. कौशिकने कपाळाला हात लावला. खल्फानला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा आधी लाल झाला आणि मग राखेसारखा.

"दो विंटर," तो म्हणाला. "दो विंटर हम उसको गाली दिया."

"किसको?"

"झुवैना को. हम बोला, तुम लेट करता, कपडा पहनने में टाइम लगाता. हम बोला, तुम को सुई का डर, तुम दुआ करता गाडी चालू नहीं हो." त्याने चार बोटं वर केली. "चार बार खुर्सी गया. चार बार हम बोला, तुम अपना मर्जी से मरता."

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि दयानंदच्या छातीवर धरला.

"बोलो. हम को नहीं. उसको."

दयानंदकडे अरबी होती ती कामापुरती. चला, झालं, उद्या या, एवढीच. पलीकडून थकलेला बायकी आवाज आला.

"मामा," तो म्हणाला. "सय्यारा, खराब, अना. खल्फान, ला. इंती, ला. अना गल्तान." आई, गाडी मी बिघडवली. खल्फानने नाही, तू नाही. चूक माझी.

बाईने एकच प्रश्न विचारला, हे खरं का, असा, आणि तो खल्फानसाठी होता. खल्फानने मान खाली घालून "हो" म्हटलं.

मग ती सुरू झाली. एवढ्या आजारी बाईच्या अंगात एवढा आवाज कुठून आला, कोण जाणे. दयानंदला शब्द कळत नव्हते, पण दोन हिवाळ्यांचा हिशेब कळायला शब्द लागत नाहीत. थंडीत उभं राहिल्याचे, सुजलेल्या पायांचे, खोटं ठरवल्याचे, सगळे घाव ती एकेक करून परत देत होती, आणि पत्र्याच्या छताखाली ते घुमत होते. मधेच दम लागून थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. खल्फान फोन हातात धरून तसाच उभा होता. त्याने आवाज कमी केला नाही.

दयानंदने आयुष्यभर दुसऱ्यांवर आवाज चढवला होता. आता तो म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, मान खाली घातली आणि तिचं होईपर्यंत हलला नाही.