पाखऱ्याची माय

आज आपला घोडा पाखऱ्या पळता पळता मरेल, असं मनकर्णाला वाटत होतं. पण आबांना पटेल असा पुरावा तिच्याजवळ नव्हता.

पेडगावच्या जत्रेची शर्यत वेशीपासून सुटायची, कॅनॉलच्या पुलाला वळसा घालायची आणि परत वेशीत संपायची. पल्ला लांबचा. जनावरांची डॉक्टरकी शिकायला परभणीला गेलेली मनकर्णा नामांतराच्या आंदोलनात कॉलेज बंद पडल्यामुळे घरी आली होती. आली तेव्हा आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, लिंबाजींनी, तात्यारावांच्या गड्डी घोडीशी पाखऱ्या पळवायचा चावडीवर शब्द देऊनही टाकला होता.

पाखऱ्याचा बाप माळेगावच्या जत्रेतला काठेवाडी, दिवसभर चालून न दमणारा. माय शबनम हैदराबादच्या रेसकोर्सवरून निकालात निघालेली. आता ती आबांचा टांगा ओढायची. तिला गावात आणलं येडबानं, तो तिथं घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होता. मनकर्णानं त्याला शबनमच्या घराण्याचं खोदून खोदून विचारलं होतं.

"हिची माय, मावशा, समद्या बंदुकीची गोळी," येडबा म्हणाला होता. "पर थोडक्या पल्ल्याच्या. लांबच्या रेसात एकबी टिकली न्हाई. ही शबनमच एकडाव मधीच बसली. तवाच मालकानं काढली, मनूबाई."

निम्मं रक्त बापाचं, निम्मं मायचं. त्यातला दम कुणाचा उतरला आणि वेग कुणाचा, हे नुसत्या कुळीवरून सांगता येत नाही, एवढं मनकर्णाला कळत होतं. म्हणून रोज सकाळी फेरी झाली की ती पाखऱ्याच्या बरगड्यांवर हात ठेवून बसे. तो लवकर तापायचा आणि फार उशिरा निवायचा.

"आबा, नका पळवू. मायवर गेलाय तो."

वेशीपाशी आबा पाखऱ्याच्या खोगिराचा पट्टा आवळत होते. "बी बापाचं आसतंय, मने. माय म्हंजी नुसतं रान. रानात ज्वारी पेरली तं ज्वारीच येती."

"मग हायब्रीडचं बी दुकानातून कशाला आणता? त्याला दोन्हीकडची जात निवडावी लागते."

"ज्वारी पळती का?" आबा हसले. भुजंग, तिचा धाकटा भाऊ, रिकिबीत पाय घालता घालता हसला. "ताई, तू गोळ्या-औषधाचं बघ. तात्यारावाच्या गड्डीमागं ऱ्हायलो तं गावात तोंड कुठं दाखवू?"

"भुजंग, पुलापाशी दम बघ त्याचा. लागला असला तर थांब. माझी शपथ हाय."

"शपथ घालून घोडा हारवायलीस व्हय?" आबांचा आवाज चढला. "गप टांग्यात बस."

शर्यत सुटायच्या आधीच टांगा पुलाकडं निघाला. मनकर्णानं वाटेत पुन्हा विषय काढला, रडून पाहिलं, हातही जोडले. आबांनी लगामावरची नजर हलवली नाही.

धूळ दिसली. पाखऱ्या एकटाच पुढं होता. तात्यारावांची बुटकी गड्डी पार मागं, एकाच चालीनं दुडक्या मारत येत होती. पुलावरची माणसं ओरडू लागली. आबा टांग्यात उभे राहिले, पटका सोडून हवेत फिरवू लागले. "बाप बघा! बाप बघा त्याचा!"

मनकर्णाला बाप दिसला नाही. पाखऱ्याचे कान सैल पडले होते. पुढचे पाय एकमेकांना घासत होते, नाकपुड्या आतून लालभडक झाल्या होत्या. अजून तेवढाच पल्ला बाकी होता.

तिनं टांग्यातून उडी टाकली आणि हात पसरून वाटेत उभी राहिली.

"मने! सरक!"

भुजंगानं शिवी हासडून लगाम खेचला. पाखऱ्या तिच्या छातीशी येऊन थांबला, फेसानं तिचा पदर भिजला. बाजूनं गड्डी टुकूटुकू वळली आणि परतीला लागली. तात्यारावांचा गडी ओरडला, "लिंबाजीबाबा, पोरगी आमच्याकडनं हाय का?" माणसं फिदीफिदी हसली.

आबा आले. हात उगारला, पण मारलं नाही.

"पोचला आसता त्यो."

"असता, कदाचित."

"म्हंजी? तुला पक्कं ठावं नव्हतं?"

"नव्हतं, आबा."

पक्कं ठाऊक नसताना पोरीनं चार गावांसमोर नाक कापलं. ते वळून टांग्याकडं चालू लागले.

तेवढ्यात टांग्याला जुंपलेल्या शबनमनं मान वर करून लेकराला हाक घातली. शिंगरू होता तेव्हापासून पाखऱ्यानं तिच्या हाकेला ओ दिली नाही असं कधी झालं नव्हतं. गोठ्यातून, रानातून, कुठूनही. आताही त्यानं मान उचलली. ओठ हलले, बरगड्या आत ओढल्या गेल्या, पण आवाज आला नाही. शबनम पुन्हा खिंकाळली. पाखऱ्याचे पाय लटपटू लागले, तसा भुजंग खाली उतरला.

आबा थांबले. दोन्ही घोड्यांकडं आळीपाळीनं पाहत राहिले. मग परत आले आणि मनकर्णाकडं न बघता, मघाशी स्वतः आवळलेला खोगिराचा पट्टा सोडू लागले. गाठ सुटेना.

"मने," ते म्हणाले, "हिकडून धर."