बॅनरमागचं जाळं

जाळं माझं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी मला ऐकवायला नको. रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून मासळी ओढायचं, जुनं नायलॉनचं जाळं, चार पदरी केलेलं, ते मीच रस्त्यावर आडवं बांधलं.

तोंडवलीच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, चिऱ्याच्या खाणीपर्यंत सरळसोट डांबरी रस्ता झाला, आणि तो बघून आमच्या पोरांना कंड सुटली. गुरुदास आमच्या मंडळाचा अध्यक्ष. दरवर्षी वर्धापनदिनाला कबड्डी असायची, यंदा म्हणाला ड्रॅग रेस. दोन मोटारसायकली शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की चारशे मीटर सुसाट सोडायच्या, पुढे असेल तो जिंकला. दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. एवढ्यासाठी दोन महिने बैठका चालल्या होत्या.

चारशे मीटर सगळ्यांनी मिळून टेपने मोजले. रेषा ओलांडल्यावर थांबायला किती लागतात, ते एकट्या विनीतने मोजलं. विनीत माझ्या बहिणीचा, सुगंधाचा मुलगा, गोव्यात गॅरेजात मेकॅनिक. रेषेपुढे रस्ता उरत होता अडीचशे मीटर, आणि मग तीस फूट खोल खाण. सुरुवातीची रेषा मागे घ्या, असं त्याने गुरुदासला दोनदा सांगितलं. पण रेषा मागे गेली असती तर पाहुण्यांचा मंडप पाण्याच्या टाकीआड गेला असता. पाहुण्यांना दिसणार काय, टाकी?

"मामा, पळवूक कोणय पळवतलो," विनीत मला म्हणाला. "थांबवतलो कोण? मोठ्या ट्रॅकार शेवटाक जाळा लावतत. तुझ्याकडे रापणीचा आसा ना?"

होतं. आणि जाळ्यातलं मला जेवढं कळतं तेवढं त्या अख्ख्या मंडळाला सात जन्मांत कळायचं नाही. जाळं ताठ बांधायचं नसतं, त्याला झोळ ठेवायचा असतो. मासळी झोळात शिरते आणि जाळं तिच्याबरोबर थोडं चालतं, म्हणून ती अडकते. ताठ जाळ्यावर ती नुसती आपटते. म्हणून मी दोरखंड खांबांना बांधलेच नाहीत, वाळूने भरलेल्या पोत्यांना बांधले. गाडी घुसली की पोती फरफटत येणार आणि गाडीचा जोर हळूहळू मरणार. आदल्या दिवशी विनीतने बेताच्या वेगात गाडी घालून बघितली. जाळ्याने त्याला अल्लद पोटात घेतलं. आतून खदाखदा हसत ओरडला, "मामा, माझो बांगडो झालो!"

त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला. सगळी माती तिथेच झाली.

शर्यतीच्या सकाळी जितेंद्रशेठचा बॅनर आला. जितेंद्रशेठ म्हणजे किनाऱ्यावरच्या हॉटेलचा मालक, बक्षिसं त्याची. सगळ्यांचे मोबाईल शेवटाकडेच वळलेले असणार, म्हणून बॅनर जाळ्यावर लावायचा ठरला. झोळामुळे त्याला घड्या पडल्या आणि शेठचं नाक हनुवटीवर आलं. गुरुदास धावत माझ्याकडे आला.

"काकानू, जरा ताणून बांधा. शेटचो चेहरो बघा कसो दिसता."

"ताणला तर जाळा कामाचा रवाचा नाय."

"आणि ह्या बघलात? तुमचा नाव पण घडयेत गेला."

मी जवळ जाऊन बघितलं. बॅनरच्या तळाला लाल अक्षरांत छापलं होतं, सुरक्षा व्यवस्था : श्री. दत्ताराम तारी. त्यातलं 'सुरक्षा' तेवढं दिसत होतं, मी पूर्ण घडीत. बासष्ट वर्षांत माझं नाव छापलं गेलं ते रेशनकार्डावर आणि मतदारयादीत. त्याच्याआधी 'श्री.' तर कुणीच लावलं नव्हतं.

गुरुदासने जबरदस्ती केली असं मला म्हणता येत नाही, हीच गोची आहे. मी स्वतः पोती सोडली. दोन्ही बाजूंच्या विजेच्या खांबांना दोर आवळले आणि अशा गाठी मारल्या की वाऱ्याने काय, वादळानेही सुटू नयेत. बॅनर इस्त्री केल्यासारखा सपाट झाला. फोटो झाले की ढिलं करू, असं मी मनाशी म्हटलं, आणि मागे जाऊन माझं नाव लांबून वाचलं.

मग गावातल्या वडीलधाऱ्या नानांनी रिवाजाप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी ही जी काय शर्यत मांडल्यानी हा, ती सुखरूप पार पाड रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" त्यातच आमची सुरक्षा आटोपली. ब्रेक देवाकडे, टायर देवाकडे. अँब्युलन्स सांगायची होती, तीही बहुतेक देवानेच आणायची होती. मग मला शाल-श्रीफळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं. पहिल्या फेऱ्यांतल्या गाड्या लहान, त्या आपल्या आपण थांबल्या. खुर्ची बरी होती. मी उठलो नाही.

शेवटच्या फेरीत विनीत होता. रेषा त्याने पहिली ओलांडली, ब्रेक दाबला आणि मागचं चाक नाचायला लागलं. गाडी थांबेना. तेव्हा मला पोती आठवली. मी शालीसकट धावलो, पण धावून काय होणार होतं?

जाळं तसूभर हललं नाही. गाडी जितेंद्रशेठच्या तोंडात रुतून बसली आणि विनीत मागे फेकला जाऊन डांबरावर पाठीवर पडला. हेल्मेट त्याने स्वतःच्या पैशांनी चांगलं घेतलेलं, म्हणून डोकं वाचलं. कणा मोडला. बर्फाच्या टेम्पोत घालून त्याला गोव्यात नेलं. त्याचं बोलणं शुद्धीतलं होतं. दर दोन मिनिटांनी मला विचारत होता, "मामा, पाय सरळ आसत ना माझे?"

चौकशीला पोलीस आले तेव्हा गुरुदासला एकाएकी शुद्ध मराठी सुचली. "साहेब, रायडरने ब्रेक उशिरा लावला. आमची सुरक्षा व्यवस्था चोख होती. जाळ्यामुळेच त्याचे प्राण वाचले." मी शेजारीच उभा होतो. होय म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. पुढे विनीतनेही जबाबात आणि घरी आईला तेच सांगितलं, ब्रेक उशिरा लागला, चूक माझी. झालं, प्रकरण मिटलं.

आणि मी मोठा माणूस झालो. भाच्याला खाणीच्या तोंडातून ओढणारा मामा. बायको गेल्यापासून मी सुगंधाकडेच जेवतो. आता ती माशाची मोठी तुकडी माझ्याच पानात घालते. "माझो भाव होतो म्हणान पोरगो रवलो," येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी मान खाली घालून जेवतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. सकाळी मीच विनीतला उचलून न्हाणीत नेतो, अंघोळ घालतो. पंचविशीतला पोरगा, कमरेखाली त्याला गरम पाणी कळत नाही.

आठ महिने मी हे गिळलं. परवा दुपारी सुगंधा बाजारात गेली होती, तेव्हा त्याच्या खाटेजवळ बसलो आणि सांगून टाकलं. पोती सोडल्याचं, खांबांना आवळल्याचं, नावाचंसुद्धा.

"माका ठावक आसा," तो म्हणाला.

"कोणी सांगल्यान?"

"कोण कित्याक सांगूक होयो? रेषा पार केलंय तेव्हा बॅनर समोर. तुझा नाव वाचलंय मी, पुरा. एक घडी नाय होती. तेव्हाच समजलंय जाळा ताठ आसा."

"मग आवशीक ब्रेकचा कित्याक सांगलंस?"

त्याने छपराकडे बघितलं. चेहऱ्यावर माया नव्हती, रागही नव्हता.

"तिका भाव एकच आसा. आणि माका रोज उचलूक माणूस होयो. तिका समजला तर ती तुका दारात उभो करूची नाय. मग न्हाणयेत माका नेतलो कोण?" आणि वर म्हणाला, "तू आपलो जेव. आणि सकाळी वेळार येत रव."

एवढ्यात सुगंधा आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने माझ्यासाठी पाट मांडला.