मुठीतली चीर

मी एक जपानी सुरी बोलतेय. खरं तर मी गप्प राहायचं होतं. सत्यभामाबाईंनी मला पदराने पुसता पुसता तसं बजावलं होतं. पण आता गप्प राहवत नाही.

दूरच्या एका लोहाराने मला घडवलं. माझं पोलाद फार कडक, म्हणून धार बारीक लागते. पण घाव सोसत नाही. पुण्यातल्या हॉटेलात एका म्हाताऱ्या उस्तादांनी मला बाईंच्या मुलाला, युवराजला दिलं. तो काकडीची चकती इतकी पातळ कापायचा, की तिच्यातून पलीकडचं दिसायचं.

मग ते हॉटेल बंद पडलं. युवराज गावी आला आणि मांजरसुंब्याच्या ढाब्यावर राहून कांदे कापू लागला. मला वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने घरच्या फळीवर ठेवलं. बाईंना माझा उपयोग नव्हता. "हिला ना पाट ना पाय," त्या म्हणायच्या. "आपली ईळीच बरी." चुलीच्या वाफेने माझ्यावर गंज चढला.

एकदा युवराज घरी येणार म्हणून बाईंनी पुरणाचा घाट घातला. गुळाची ढेप काही फुटेना. त्यांनी मला ढेपेवर उभं धरलं आणि वरून बत्ता हाणला. धारेचा तुकडा उडाला. आणि मुठीच्या आत, पातं लाकडात शिरतं तिथे, माझ्या मानेत, कट् असा आवाज झाला. मूठ हलू लागली. बाईंनी लाख वितळवून त्या फटीत ओतली. "कुनाला सांगू नगं बये," त्या हळूच म्हणाल्या. "त्याचा लई जीव हाय तुज्यावर."

मागच्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. नव्या हॉटेलात जागा आहे. स्वतःची सुरी घेऊन या आणि सगळ्यांसमोर कापून दाखवा. त्याच दिवशी युवराजने ढाबा सोडला.

तेव्हापासून तो मला घासतोय. बादलीत भिजवलेले दगड, आधी खरबरीत, मग गुळगुळीत. करडं पाणी ओसरीवरून वाहतं, त्यातून माझंच अंग थोडं थोडं जातं. गंज गेला, धारेची खोच गेली. काल त्याने माझ्यात तोंड पाहिलं. "आई, दाढीला आता आरसा नगं बघ," तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत. दोनदा त्या दारापर्यंत आल्या आणि चहा टाकू का, एवढंच विचारून परत गेल्या.

त्याने सगळं नीट केलं. फक्त मूठ उघडून पाहिली नाही. पाहिली असती तरी काय? तुटलेली मान दगडावर घासून जुळत नाही.

आता चुलीपाशी बाईंनी मला हातात घेतलंय. त्यांचा अंगठा लाखेवरून फिरतोय. ओसरीवर युवराजने सरावासाठी कडक सालीचा काशीभोपळा मांडलाय. बाई, निदान आज तरी त्याला सांगा, की माझी मान आतून—

"आई, सुरी आन की. कावून थांबलीस?"