पट्टीखालचा डावा डोळा

मी एक जुना डावा डोळा आहे. मित्रांनो, इतकी वर्षं मनात डूख धरून बसलेला डोळा तुम्ही पाहिला नसेल. आज पाहून घ्या.

तसं माझ्यात कमी काही नाही. पुढे काचेसारखं पारपटल, मध्ये उजेडानुसार लहानमोठी होणारी बाहुली, तिच्यामागे भिंग आणि तळाशी दृष्टिपटल नावाचा पडदा. खोड एकच. माझा गोळा जन्मापासून किंचित आखूड. त्यामुळे चित्र पडद्यावर नीट जुळायचं नाही आणि मला सगळं धूसर दिसायचं. शेजारचा उजवा मात्र व्यवस्थित घडलेला. मेंदूकडे दोन चित्रं जायची, एक लख्ख, एक पुसट. मेंदूने माझं चित्र बघणंच सोडून दिलं. याला लोक आळशी डोळा म्हणतात. मी आळशी? काम मागणाऱ्याला दारातून हाकलायचं आणि वर त्यालाच नावं ठेवायची!

मालकीण पाच वर्षांची असताना डॉक्टरीणबाईंनी हे ओळखलं. चष्मा दिला आणि आईला बजावलं, "चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकायचा. तो बंद असला की हा शिकेल. मोठेपणी शिकणं अवघड." उजव्यावर पट्टी चढली. काय सांगू तो आनंद! पहिल्या दिवशी मला दाराची चौकट दिसली, तीही मालकीण तिच्यावर आपटल्यावर.

आई कामावर गेली की घरी आत्या असायची. पोर धडपडलेली तिला बघवेना. आईची पाठ वळली की ती पट्टी उजव्यावरून काढून माझ्यावर चिकटवायची आणि आई यायच्या आत परत जागेवर. मी अंधारात बसून राहिलो. उपचार लागू पडत नाही, असं म्हणून शेवटी सगळ्यांनी हात टेकले. खरं मला ठाऊक होतं, पण डोळ्याला तोंड नसतं. त्या दिवसापासून मी आत्यावर दात धरला.

मालकीण पुढे शिवणकामात तरबेज झाली. लोक तिच्या टाक्यांची तारीफ करत आणि उजवा फुशारून जाई. एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही, म्हणून दोरा सुईच्या पलीकडे जायचा, कप टेबलाच्या काठावरून पडायचा. त्याचं खापर माझ्यावर. मग उजव्याच्या भिंगात मोतीबिंदू झाला. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

शस्त्रक्रिया झाली, उजव्यावर झाकण बसलं आणि त्या दिवसापुरता मालकिणीला मी एकटाच उरलो. ती खुर्चीत बसली होती. समोर तिची नात खेळत होती. तिचाही डावा आळशी निघालेला आणि उजव्यावर पांढरी पट्टी. नात स्टुलाला अडखळली, रडू लागली. आता म्हातारी झालेली आत्या उठून तिच्याजवळ गेली. मला नातीचं नाक दिसत नव्हतं, तोंड दिसत नव्हतं. पण चेहऱ्यावरचा पांढरा ठिपका या बाजूचा त्या बाजूला गेला, तो दिसला. सगळा जोर लावून मी ते चित्र वर धाडलं. या वेळी मेंदूला ते घ्यावंच लागलं. दुसरं होतंच कुठे?

"आत्या, पट्टी कुठे लावलीस?"

"अगं, अधू डोळ्यावर. झाकायचा तो आजारी डोळा की धडधाकट? तुझीही मी अशीच बदलायचे. तूही किती आपटायचीस गं!"

मालकिणीने माझ्या पापणीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे माझा डोळा तू घालवलास."

"मी? मी तर तुझं रडणं थांबवलं."

"हिला रडू दे. लाव परत उजव्यावर. तुझ्याच हाताने."

आत्याने लावली. मग ती मान खाली घालून तिथेच बसली. मला दया आली नाही. माझ्यातून पाणी वाहिलं, पण ते मालकिणीचं होतं.

मित्रांनो, डोळे लहानपणीच तपासून घ्या. डॉक्टर सांगतील तोच डोळा झाका आणि दुबळ्याला काम करू द्या. माझी वेळ गेली.

थोड्या वेळाने नात पुन्हा आपटली, पुन्हा रडली. आत्याचा हात पट्टीकडे गेला, मध्येच थांबला, आणि तिने तो स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला. ते मी मन भरेपर्यंत पाहत राहिलो.