लुसेट हायवेवर येते

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या गावाबाहेर, हायवेला लागून सरकारी पार्किंग आहे. आपापली गाडी तिथे लावायची आणि राज्याने दिलेल्या व्हॅनमधून सगळ्यांनी मिळून शहरात कामाला जायचं. व्हॅन चालवणारा आमच्यातलाच. वर्षानुवर्षं ते काम म्हाताऱ्या आर्मांडकडे होतं. यंदा त्याला काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं.

परिवहन खात्याच्या बाईंनी कळवलं, "महिनाअखेरपर्यंत नवा ड्रायव्हर द्या, नाहीतर व्हॅन दुसऱ्या गावाला जाईल."

माझी पाठ कामातून गेलेली. आमच्यातल्या डेलचं लायसन्स दारूपायी जप्त. त्याला पार्किंगपर्यंत बायको आणून सोडायची. बाकीचे खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी लुसेट म्हणाली, "मी चालवते."

डेल हसला. "तू? हायवेवरच्या पुलावर तर डोळे गच्च मिटून बसतेस!"

ते खरं होतं. त्याच पुलावर बर्फात गाडी घसरून तिचा नवरा रोलाँ गेला होता. ती शेजारीच बसलेली. तेव्हापासून घर ते पार्किंग, तेही आतल्या रस्त्याने, एवढंच ती चालवायची.

"मग काय घरी बसू? पेशंटांचा नाश्ता तू करणार आहेस?"

रविवारी आर्मांड शेजारी बसून तिला शिकवू लागला. पहिल्यांदा हायवेला लागताच तिने व्हॅन कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"परत फिरू या का?" आर्मांडने विचारलं.

"नाही. तुम्ही फक्त बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. बायकोच्या चुगल्या करा."

त्याने शहर येईपर्यंत केल्या. पुढच्या रविवारीही केल्या. खात्याच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली, पुन्हा बसली, पास झाली.

तिच्या पहिल्याच सोमवारी बर्फ पडत होता. पूल आला. शेजारून ट्रक गेला आणि काचेवर चिखलबर्फाचा सपकारा बसला. क्षणभर काहीच दिसेना. लुसेटने घाबरून ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, वायपर फिरले, रस्ता दिसला. पूल मागे पडला.

"जरा जोरात घे की," डेल म्हणाला, "माझा साहेब वाट बघतोय."

"उतर आणि चालत जा."

सगळे हसले, डेलसुद्धा.

आम्हाला उशीर झालाच. हॉस्पिटलपाशी तिने व्हॅन लावली, किल्ली खिशात टाकली. मग एप्रन उचलून कामावर गेली. संध्याकाळी आम्ही व्हॅनकडे परतलो, तर हीटर लावून ती आमच्याआधीच ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली होती.