दातातला पेचकस

आमच्या अंगणातून दिवसातून काही वेळा विमानाची सावली जाते. चिकलठाण्याचा विमानतळ जवळ, त्यामुळं उतरणारी विमानं फार खालून येतात. सावली आधी पाण्याच्या टाकीवर पडते, मग दोरीवरच्या कपड्यांवर, मग पप्पांच्या स्कूटरवर. गेलं वर्षभर पप्पा सावली अंगावर आली की मगच वर बघतात. आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

त्यांचे दोन्ही कान लहानपणापासून वाहायचे. मागच्या हिवाळ्यात फारच वाहिले आणि नंतर सगळं शांत झालं. कंपनीतल्या कारभारीमामांनी निदान केलं, "नसा मेल्या, मोतीराम. माझ्या भावाचं असंच झालं." पप्पांनी ते मान्य करून टाकलं. डॉक्टरकडं चला म्हटलं की म्हणायचे, "मेलेल्याला काय दाखवायचं?"

मग स्कूटरही काढून टाकायची ठरली. मागून येणारा ट्रक ऐकू येत नसेल तर रस्त्यावर जायचं कसं? ही स्कूटर माझ्याहून एका वर्षानं मोठी. मला पुढं उभं करून ते हिच्यावरूनच बालवाडीत सोडायचे. रविवारी पाच वाजता भंगारवाले फारूखभाई तिला न्यायला येणार होते.

"चालू करून देऊ," पप्पा म्हणाले. "बंद पडलेली नाय द्यायची."

हल्ली ते फार हळू बोलतात. आईला वाटतं, मन उतरलंय.

दुपारी दोनला आम्ही बसलो. मी प्लगवरचा कार्बन घासून काढला, पप्पांनी कार्बोरेटर उघडला. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून मी सीटवरच्या धुळीत बोटानं लिहीत होते. 'जेट साफ.' 'वायसर कुठाय?' ते वाचायचे, मान हलवायचे. असं बिनआवाजाचं काम करता करता मलाही पाण्याखाली बसल्यासारखं वाटायला लागलं. पेट्रोलचा वास, लिंबाच्या पानांतून हलणारं ऊन. हातातला पाना फरशीवर पडला, तोही कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या घरात पडल्यासारखा.

साडेचारला पप्पांनी स्कूटर एका बाजूला कलवली, सरळ केली आणि किक मारली. सातव्या किकला इंजिन लागलं. निळा धूर दोरीवरच्या चादरीत शिरला.

इंजिन अडखळत होतं. पूर्वी पप्पा पेचकसाची लाकडी मूठ कानाच्या भोकाशी आणि टोक इंजिनाला लावून आवाज पारखायचे. आजही लावून बघितलं. बराच वेळ थांबले.

"कायच नाय," ते म्हणाले.

माझ्याकडं न बघता त्यांनी पेचकसाची मूठ दातात धरली आणि दोन्ही हातांनी केबल सैल करायला वाकले. ही त्यांची जुनी खोड. दारातून आई ओरडली, "त्याच दातांनी भाकर खायचीय अजून!" अर्थात ते फक्त मलाच ऐकू आलं.

वाकताना पेचकसाचं टोक इंजिनाला टेकलं.

पप्पा तसेच थांबले. हळूहळू डोळे मिटले. टाकीवरून, कपड्यांवरून विमानाची सावली आली, त्यांच्या पाठीवरून गेली. त्यांनी वर बघितलं नाही.

"स्क्रू," दात न उघडता ते म्हणाले. "पाव फेरा आत."

मी फिरवला.

"जरा मागं. बास."

इंजिन एका लयीत आलं. मला मात्र विज्ञानाच्या पुस्तकातलं कानाचं चित्र आठवलं. हवेतला आवाज कानाच्या पडद्यावरून आत जातो. हाडातला आवाज पडद्याला वळसा घालून थेट आतल्या नसेपाशी पोचतो. नस मेली असती तर दातांतूनही काही आलं नसतं. आणि हळू बोलणं? स्वतःचा आवाज त्यांना हाडातून मोठा ऐकू येत होता, म्हणून तर. बिघाड बाहेरच्या बाजूला होता, आणि तिथं बहुतेक काहीतरी करता येतं.

सीटवर लिहायला धूळ उरली नव्हती. मी इंजिन बंद केलं.

"बंद का केलंस?" पप्पा कळवळून म्हणाले. पेचकस अजून दातातच.

मी त्याचं टोक ओढणीनं पुसलं, माझ्या हनुवटीच्या हाडाला दाबून धरलं आणि सवयीनं जोरात म्हणाले, "पप्पा, नसा जिवंत आहेत तुमच्या! उद्या घाटी दवाखान्यात कान दाखवायला जाऊ!"

ते दचकले.

"एवढं ओरडू नको, विशू."

वर्षभर आम्ही सगळे त्यांच्यापुढं ओरडत होतो. मी पुन्हा तेच म्हणाले, नेहमीच्या आवाजात. ते माझ्या तोंडाकडं बघतच नव्हते. डोळे मिटलेलेच होते.

"अजून बोल," ते म्हणाले.

तेवढ्यात फाटकाशी हातगाडी थांबली. फारूखभाईंनी आत डोकावून आमच्याकडं बघितलं. बाप-लेक एकाच पेचकसाची दोन टोकं धरून बसलेले.

"ये क्या चालू है?" ते म्हणाले. "मोतीरामभाऊ, गाडी नेऊ ना?"

मी ते शब्द जसेच्या तसे हनुवटीतून पप्पांना पोचवले.

"त्यांना म्हणावं, चहा घ्या," पप्पा म्हणाले. "उद्या आम्हाला घाटीत जायचंय. गाडी लागंल."