नाव न टाकलेला आहेर

सहा वाजेपर्यंत जमलं तर नोकरी, नाहीतर घरी आईशेजारी बसून साड्यांवर खडे चिकटवायचे. रिंगरोडच्या मार्केटातल्या शेठनं सकाळीच सांगून टाकलं होतं, "चंचलबेन, आजे ट्रायल. थई जाय तो कालथी आवजो, नहीं तो बीजी छोकरी तैयार छे." म्हणजे जमलं तर उद्यापासून ये, नाहीतर दुसरी मुलगी तयार.

काम ऐकायला सोपं होतं. साडीचं नाव, रंग आणि कापड एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविराम देऊन कोंबलेलं. अशी भलीमोठी फाईल. प्रत्येक गोष्ट वेगळी करणारा प्रोग्राम लिहायचा. मी उधन्याच्या क्लासात पायथन शिकले होते, म्हणजे फी भरली होती.

कॉम्प्युटरवर पायथनचं माहितीपान उघडलं. इंग्रजी वाचता येत होतं, पण 'दिलेल्या विभाजकानुसार मजकुराचे घटक परत करते' अशा थाटाचं ते वाक्य! कोणाला परत करते? उसने घेतले होते का? पुन्हा पुन्हा वाचलं, पालथ्या घड्यावर पाणी. खाली करड्या चौकटीत एक उदाहरण होतं, तिकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आमचे ट्यूशनचे सर म्हणायचे, सोडवलेली गणितं परीक्षेला येत नाहीत, सोडून द्या. ती सवय हाडात मुरलेली.

दुपार उलटली. शेठसमोर रडायचं नाही म्हणून मान खाली घातली, तर नजर त्या चौकटीवर पडली. वरच्या ओळीत आंबा, केळं, पेरू एकाच माळेत, मध्ये स्वल्पविराम. खालच्या ओळीत तिन्ही फळं सुटी. बस्स, एवढंच. वरची ओळ मी जशीच्या तशी टाईप केली, सुरुवातीच्या तीन बाणांसकट. स्क्रीनवर लालभडक चूक! तळपायाची आग मस्तकात गेली. मग नीट पाहिलं. बाण फक्त वरच्या ओळीला होते, उत्तराला नव्हते. म्हणजे 'इथे तुम्ही लिहा' एवढीच ती खूण. बाण पुसले आणि बटण दाबलं.

फळं सुटी झाली. माझ्या हातून!

फळांच्या जागी साडीची ओळ घातली. नाव वेगळं, गुलाबी रंग वेगळा, जॉर्जेट वेगळं. मी कुठे अडणार हे मला कधीही न पाहिलेल्या कुणालातरी आधीच कळलं होतं, आणि तो तिथे तीन फळं ठेवून निघून गेला होता. पुढची फाईल भराभर सुटत गेली. शेठनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "कालथी आवजो."

घरी येऊन आईला मोबाईलवर ती चौकट दाखवली. खडा चिकटवता चिकटवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हाई कोनी लिखं?"

"काय मालूम, आई. कोनता देशना शे काय जानो. समदासकरता फुकट ठेयेल शे."

"नाव बी नही टाकं?"

"नही."

आमच्या खानदेशात लग्नात साधा पेला दिला तरी त्यावर नाव कोरून घेतात, वर आहेर माईकवरून पुकारायला लावतात. आईचा हात थांबला.

"इतलं मोठं दिधं, नि नाव नही टाकं," ती हळूच म्हणाली.

मग तिनं डोक्यावर पदर घेतला. खोलीत आम्हा दोघींशिवाय कोणीच नव्हतं.